शक्ति कोठें खर्च होते?

मनुष्याच्या तोंडीं जीं गाऱ्हाणीं वारंवार येतात, त्यांत "आमचें कोणी ऐकत नाहीं" हें गाऱ्हाणें फार जुनें असावें. बाप मुलाविषयीं तें करितो, मूल बापाविषयीं करितें. शिक्षक वर्गाविषयीं, कार्यकर्ता गांवाविषयीं आणि लहान गांव राजधानीविषयीं हेंच म्हणत असतें. या गाऱ्हाण्यावर साधारणतः दोनच उपाय सुचतात. एक, आवाज चढविणें. दुसरा, ऐकणाऱ्यास बहिरा ठरविणें. दोन्ही उपायांत सोय अशी आहे कीं, त्यांत स्वतःचें कांहींच तपासून पाहावें लागत नाहीं. आपला आवाज पोहोंचत नाहीं असें दिसून आलें म्हणजे मनुष्याचें पहिलें कर्तव्य कोणतें, या प्रश्नाचा विचार आम्ही प्रस्तुत लेखांत करूं इच्छितों. त्यासाठीं उदाहरण मात्र घेणार आहों तें गच्चीवर तार बांधून आकाशांत हांक मारणाऱ्या हौशी रेडिओवाल्याच्या खोलींतलें. उदाहरण क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या प्रश्नांत शब्द सहज फसवितात, तेथें जें मोजतां येतें त्याच्यापासून धडा घेणें बरें.

हौशी रेडिओ म्हणजे काय, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. सरकारी परीक्षा देऊन परवाना मिळवावयाचा, 'व्हीयू' अशा अक्षरांनीं सुरू होणारें संकेतनाम घ्यावयाचें आणि स्वतःच्या यंत्रावरून देशोदेशींच्या तशाच हौशी माणसांशीं बिनतारी संभाषण करावयाचें, असा हा छंद आहे. यांत पैसा मिळवावयाचा नसतो. पुष्कळांस हा रिकामपणाचा उद्योग वाटतो. परंतु १९९३ सालच्या अनंत चतुर्दशीची रात्र उलटून ३० सप्टेंबरची पहाट होण्यापूर्वीं, चार वाजण्याच्या सुमारास, आमच्याच लातूर जिल्ह्यांतील किल्लारी आणि शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील गांवें भूकंपानें जमीनदोस्त झालीं आणि आठ ते दहा हजार माणसें मातीखालीं गेलीं, तेव्हां संदेश पोहोंचविण्याच्या कामीं हेच रिकामे लोक उपयोगी पडले. २६ डिसेंबर २००४ रोजीं त्सुनामीनें अंदमानास तडाखा दिला त्या वेळीं भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी छंदाच्या निमित्तानेंच पोर्ट ब्लेअर येथें यंत्र मांडून बसले होते. मुख्य भूमीशीं संबंध राखण्यास त्यांचें तें यंत्र कामास आलें. तेव्हां अशा एखाद्या यंत्राचा आवाज क्षीण होणें ही नेहमींच केवळ हौसेची हानि असते असें नाहीं.

आतां अशी कल्पना करूं कीं, लातूर आणि नांदेड यांच्या मध्यें बालाघाटच्या पठारावर वसलेल्या अहमदपुरांत एका घरीं असें केंद्र आहे. यंत्र १०० वॅटांचें. पण बोलूं लागलें कीं मीटरचा कांटा पंचवीस-तीस वॅटांपलीकडे सरकत नाहीं. चारशेंहून अधिक किलोमीटरांवरचा मुंबईचा स्नेही म्हणतो, "आज आवाज फार बारीक येतो." येथें मन तत्काळ तीन वाटांनीं धांवतें. शक्ति वाढविणारें आणखी एक यंत्र जोडावें, ही पहिली वाट. कारखानदारानें फसविलें, ही दुसरी. मुंबईच्या स्नेह्याचेंच यंत्र बिघडलें असेल, ही तिसरी. तिन्ही वाटा मोजमापाच्या आधींच्या आहेत आणि म्हणूनच त्या मोहाच्या आहेत. या कलेचा जो जाणता असतो तो यांपैकीं एकही धरीत नाहीं. तो निराळाच प्रश्न विचारतो: मुळांत शक्ति कमी आहे काय, आणि असल्यास ती कोणत्या सांध्यावर कमी होते?

पहिला संशय घ्यावयाचा तो मोजणाऱ्यावर. मनुष्याच्या बोलण्यांत शब्दाशब्दांमध्यें पोकळी असते. अक्षराच्या उच्चाराबरोबर शक्ति क्षणभर उसळते आणि लगेच बसते. १०० वॅट हा आंकडा त्या उसळीच्या शिखराचा असतो. साधा मीटर मात्र सरासरी दाखवितो, आणि नेहमींच्या बोलण्याची सरासरी वीस-तीस वॅटांच्या आसपास भरणें हें अगदीं निरोगी यंत्राचें लक्षण आहे. बोलणें थांबवून तारयंत्राची कळ अखंड दाबून ठेविली कीं तोच कांटा शंभरावर जातो आणि दोष नव्हताच असें सिद्ध होतें. किती घरांत, किती शाळांत असें चाललेलें असेल! मुलाच्या एका क्षणाची उसळी पाहून आपण अपेक्षा ठरवितों, त्याच्या रोजच्या सरासरीवर निकाल देतों, आणि मग मुलगा कमी पडला म्हणून दुःख करीत बसतों. उणीव असते ती मापांत. ज्या मापानें आपण दुसऱ्यास दोषी ठरविणार, तें माप काय मोजतें हें आधीं समजून घेणें हें न्यायाचें पहिलें अंग होय.

समजा, माप तपासलें आणि शक्ति खरोखरच कमी निघाली. मग जाणता माणूस गच्चीवर जाणारी केबल सोडवितो आणि तिच्या जागीं पन्नास ओहमांचा एक निर्जीव रोधक जोडतो. त्यास 'डमी लोड' म्हणतात. या रोधकांतून कांहीं आकाशांत जात नाहीं. मिळालेली सारी शक्ति तो उष्णतेच्या रूपानें पचवितो. यंत्र येथें पूर्ण शक्ति देऊं लागलें, तर तें निर्दोष, आणि बिघाड बाहेर, केबलींत किंवा अँटेनांत. येथेंही कमी पडलें, तर बिघाड आंत. एका साध्या कृतीनें प्रश्नाचे दोन भाग होतात आणि निम्म्या संशयितांची निर्दोष सुटका होते. आपल्या वादविवादांत हीच पायरी आपण गाळतों. नवराबायकोच्या भांडणापासून संस्थांच्या तंट्यांपर्यंत सर्वत्र सगळ्यांवर एकदम संशय असतो. एकाला बाजूला काढून त्यास निराळ्या परिस्थितींत पारखून पाहण्याचा धीर कोणास नसतो.

आंतच बिघाड आहे असें ठरलें तरी निकालाची घाई उपयोगी नाहीं. १०० वॅट बाहेर टाकणारें यंत्र १३.८ व्होल्टांवर सुमारें वीस अँपिअर प्रवाह ओढतें. विजेच्या पुरवठ्यापासून यंत्रापर्यंतची तार बारीक असली, किंवा तिच्या टोकाशीं गंज चढला असला, आणि त्यामुळें ओहमाचा केवळ दहावा हिस्सा रोध वाटेंत आला, तर दोन व्होल्ट वाटेंतच संपतात. यंत्रास मिळतात ते ११.८. गंमत अशी कीं, यंत्र मुकाट असतांना मोजलें तर व्होल्ट पूर्ण भरतात. तें बोलूं लागतें, त्याच्यावर भार पडतो, तेव्हांच ते घसरतात. म्हणून मोजणी भार असतांना केली पाहिजे. जो माणूस कमी देतो त्याला पुष्कळदां मिळतेंच कमी. आणि तें कमी मिळणें सुखाच्या दिवशीं दिसत नाहीं, कामाच्या दिवशीं दिसतें. घरांतल्या सुनेस किंवा कचेरींतल्या कारकुनास "सर्व सोयी दिल्या आहेत" असें आपण सांगतों तेव्हां ती मोजणी बहुधा भार नसतांनाची असते.

यापुढचा प्रकार आम्हांस अधिक विचार करण्याजोगा वाटतो. यंत्र, केबल आणि अँटेना यांचा मेळ नीट बसला नाहीं, तर पाठविलेल्या शक्तीचा कांहीं भाग अँटेनापासून उलटून परत येतो. अमेळाचें प्रमाण दीडास एक असेल तर परत येणारा हिस्सा शेंकडा ४. दोनास एक असेल तर सुमारें ११. तिनास एक झालें कीं २५. आजकालच्या यंत्रांत अशी योजना असते कीं, परतलेली लाट फार वाढली म्हणजे यंत्र आपण होऊन आपली शक्ति आंखडतें, कारण तसें न केल्यास त्याच्या शेवटच्या पायरीचे ट्रान्झिस्टर जळून जातील. तेव्हां कांटा खालीं आला हें दुर्बलतेचें चिन्ह नसून आत्मरक्षणाचें असूं शकतें. उतावळा माणूस ही रक्षणाची योजनाच बंद करून कांटा वर नेतो. कांहीं वेळ आवाज मोठा होतो आणि मग यंत्र कायमचें मुकें होतें. घरांत, सभेंत, वर्गांत जी माणसें गप्प बसलेलीं दिसतात, त्यांच्यांतलीं किती जणें निर्बल असतात आणि किती जणांनीं आपला प्रत्येक शब्द उलटून अंगावर येतो असा अनुभव घेऊन आपली शक्ति आंखडली आहे? त्यांस "धीट व्हा, मोठ्यानें बोला" असा उपदेश करणें म्हणजे रक्षणाची तार तोडणें होय. उपाय अँटेनाकडे आहे: ऐकून घेणाऱ्या बाजूनें आपला मेळ सुधारला कीं त्याच यंत्रांतून पूर्ण शक्ति वाहूं लागते.

तथापि मेळ हाच सर्वस्वी भरंवशाचा निकष आहे असें समजूं नये, कारण याच ठिकाणीं या विद्येंतील सर्वांत फसवी गोष्ट आढळते. पावसाळ्यांत केबलीच्या जोडांतून पाणी आंत शिरतें. किंवा जेथें उच्च कंपनांसाठीं जाड केबल हवी तेथें बारीक वापरलेली असते. १४४ मेगाहर्ट्झवर साधी बारीक केबल तीस मीटर लांबींत सुमारें तीन चतुर्थांश शक्ति गिळून टाकते. अशा वेळीं यंत्राजवळचा मीटर काय सांगतो? तो सांगतो कीं सर्व उत्तम आहे. शक्ति पूर्ण जात आहे आणि परत जवळजवळ कांहींच येत नाहीं. येणार कोठून? गेलेली शक्ति जातांना वाटेंत विझते आणि परतणारी परततांना विझते. अशा केबलीच्या टोकाशीं अँटेना अजिबात तुटून पडला असला, तरी यंत्राजवळचा मीटर अमेळाचें प्रमाण दोनाहून कमीच दाखवील. जो रोधक आकाशांत कांहींच पाठवीत नाहीं, त्याचाही मेळ निर्दोष असतो, हें वाचकांनीं येथें आठवावें.

विरोध परत येत नाहीं याचा अर्थ शब्द पोहोंचला, असा नव्हे; तो वाटेंत जिरला असेल. ज्या अधिकाऱ्याभोवतीं होयबांची केबल असते, ज्या वडिलांपुढें घर मान डोलावितें, ज्या लेखकास केवळ स्तुतिपर पत्रें येतात, त्या सर्वांचे मीटर निर्दोष असतात. अशांस आपलें कांहीं चुकत आहे ही शंकासुद्धां येत नाहीं, आणि म्हणून त्यांची स्थिति ज्याच्यावर शब्द उलटतात त्याच्यापेक्षांही शोचनीय आहे. यावर उपाय एकच: मीटर उचलून केबलीच्या दुसऱ्या टोकाशीं नेणें. गच्चीवर चढण्याचे श्रम घेतल्यावांचून हें ज्ञान होत नाहीं. आपला शब्द पोहोंचला कीं नाहीं, हें जेथें तो पोहोंचावयाचा तेथें जाऊन विचारलें पाहिजे.

आतां शक्ति वाढविण्याच्या पहिल्या मोहाकडे वळूं. येथें गणित मोठें बोधप्रद आहे. १०० वॅटांचे ५० झाले, तर यंत्राचा मालक निम्मी संपत्ति गेल्याप्रमाणें हळहळतो. परंतु ऐकणाऱ्याच्या बाजूस संकेताची जी पट्टी असते तिच्यावर एक पायरी खालीं येण्यास शक्ति चौथ्या हिश्श्यावर यावी लागते. निम्म्यानें अर्धी पायरी. शांत वेळीं मुंबईच्या स्नेह्यास हा फरक कळणारही नाहीं. म्हणजे तळमळीचा मोठा भाग आवाजाविषयीं नसून कांट्याविषयीं असतो. आपण ऐकूं जावें, ही एक इच्छा. आपला कांटा उभा दिसावा, ही दुसरी. पहिली संभाषणाची आहे, दुसरी अहंकाराची. पांच वॅट किंवा त्याहून कमी शक्तीवर तारयंत्राच्या कट्ट-कडांनीं समुद्रापलीकडे बोलणारे हौशी लोक जगभर आहेत; त्यांची सारी मेहनत अँटेनावर, वेळेच्या निवडीवर आणि कान देऊन ऐकण्यावर असते.

शिवाय आकाश एकट्याचें नाहीं. दोष तसाच ठेवून वाढविलेली शक्ति आपल्या कंपनांच्या पट्ट्याबाहेर सांडते, शेजाऱ्याच्या यंत्रांत खरखर होते आणि दुसऱ्या कोणा दुर्बळाची हांक आपल्या गोंगाटाखालीं दबते. अमेरिकेंतील पॉल सीगल यांनीं १९२८ मध्यें हौशी रेडिओवाल्यांसाठीं जी आचारसंहिता लिहिली, तिच्यांत पहिला मान दुसऱ्याचा आनंद हिरावून न घेण्याच्या विवेकास आहे. आणि संभाषणास जेवढी लागते तेवढीच शक्ति वापरावी, असा दंडक अनेक देशांच्या नियमांत आहे. हा नियम काटकसरीचा नव्हे. तो शेजारधर्माचा आहे. सामाईक विहिरीवर ज्याच्या पोहऱ्यास भोंक आहे त्यानें दुप्पट पाणी उपसण्याआधीं भोंक बुजवावें, असें आपल्या गांवांत कोणीही सांगेल.

यावर एक आक्षेप येईल आणि तो आमच्या भागांतून येणें विशेष स्वाभाविक आहे. मराठवाड्यांतील माणूस म्हणेल, "दोष स्वतःंत शोधा, हा उपदेश दुर्बळासच कां? आमचा आवाज मुंबईस जात नाहीं याचें कारण आमच्या तारा गंजल्या आहेत हें, कीं तेथें कोणी यंत्रच उघडीत नाहीं हें?" आक्षेप वजनदार आहे. पण आम्ही दोष स्वतःंत शोधा असें म्हटलेलें नाहीं. दोष कोठें आहे तें शोधा, इतकेंच म्हटलें आहे. सात मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर दिवसां चारशें-पांचशें किलोमीटर सहज गांठतां येतात. रात्र पडली कीं वातावरणाचा वरचा विद्युन्मय थर विरळ होतो, दूरचीं केंद्रें ऐकूं येऊं लागतात आणि जवळचींच पुष्कळदां नाहींशीं होतात. अशा वेळीं अहमदपूरचें यंत्र निर्दोष, मुंबईचें निर्दोष, आणि तरी संभाषण नाहीं. ज्यानें आपला प्रत्येक सांधा मोजलेला आहे तोच अशा वेळीं शांतपणें म्हणूं शकतो कीं, उणीव माझी नव्हे. ज्यानें मोजलें नाहीं तो कधीं विनाकारण स्वतःस दोष देत झुरतो, कधीं विनाकारण जगास शिव्या देतो. मोजमाप दुर्बळाचा शत्रु नव्हे. वहींत तारीखवार टिपून ठेविलेली मोजणी हें दुर्बळाजवळचें सर्वांत बळकट गाऱ्हाणें होय. कारण तिच्यापुढें ऐकणाऱ्यास आपलें यंत्र उघडून दाखविणें भाग पडतें.

आणि ऐकणाऱ्याचाही या व्यवहारांत निम्मा वांटा आहे, हें विसरतां कामा नये. १९७७ मध्यें सोडलेलें व्हॉयेजर १ हें यान आज २४०० कोटी किलोमीटरांहून दूर आहे आणि त्याचा रेडिओ सुमारें २३ वॅटांचा आहे. घरांतल्या एका लहान दिव्याइतका. तो आवाज पृथ्वीवर ऐकूं येतो, कारण येथें ७० मीटर व्यासाच्या थाळ्या त्याच्याकडे तोंड करून बसतात. ज्यास ऐकण्याची गरज वाटते तो कान मोठा करितो. म्हणून "बारीक येतो" असें सांगून मुंबईच्या स्नेह्याचें कर्तव्य संपत नाहीं. त्यानेंही आपला अँटेना पाहिला पाहिजे.

एक प्रश्न उरतो. किल्लारीसारखी पहाट उगवली असतां सांधे मोजीत बसण्यास वेळ कोठला? त्या वेळीं मिळेल ती शक्ति, मिळेल त्या तारेनें वापरावी. तेथें विलंब हाच अधर्म होय. पण अशा पहाटे जें यंत्र बोलतें तें आदल्या वर्षीं कोणा एकानें शांतपणें तपासलेलें असतें म्हणून बोलतें. पाऊस सरल्यावर त्यानें जोड उघडून वाळविलेले असतात, भार देऊन बॅटरी मोजलेली असते, गच्चीवर चढून केबलीचें दुसरें टोक पाहिलेलें असतें, आणि हें सर्व कोणी पाहत नसतांना, कोणतेंही संकट समोर नसतांना केलेलें असतें. मनुष्यांमनुष्यांतील संबंधांसही हेंच लागू आहे. ज्या घरांत शब्द कोठें अडतो याची चौकशी सुखाच्या दिवसांत झालेली असते, त्या घरांत संकटाच्या रात्रीं एक हलकी हांकही पुरते. जेथें ती झालेली नसते, तेथें आक्रोशही शेजारच्या खोलीपर्यंत जात नाहीं. तेव्हां आवाज चढविण्यापूर्वीं, आणि ऐकणाऱ्यास बहिरा ठरविण्यापूर्वीं, आपली शक्ति कोठें खर्च होते एवढें प्रत्येकानें पाहून घ्यावें, अशी आमची वाचकांस विनंति आहे.